दोरी, साप आणि गुलाबी कुत्रं

कॅन्सस राज्यातल्या एका उजाड माळावर एकच घर उभं आहे. बाजूला पवनचक्की, जुनाट ट्रक, आणि क्षितिजापर्यंत दुसरं काही नाही. गावाचं नाव नोव्हेअर. घरात तिघं राहतात. म्युरिएल बॅग ही स्कॉटिश हेल काढून बोलणारी, चहावर जीव असलेली, हाताला येईल त्या पदार्थात व्हिनेगर ओतणारी आणि फावल्या वेळी सतार घेऊन बसणारी म्हातारी. तिचा नवरा युस्टेस हा कंजूष, तिरसट शेतकरी; मोठा हिरवा मुखवटा चढवून कुत्र्याला दचकवणं हा त्याचा आवडता उद्योग. आणि तिसरा करेज. गुलाबी अंगाचं, पाठीवर काळे ठिपके असलेलं, कशानेही दातखीळ बसणारं कुत्रं. पिल्लू असताना ते बेवारस झालं आणि म्युरिएलने त्याला घरी आणलं. नंतर त्या घरावर जे जे चालून येतं, भुतं, परग्रहावरचे जीव, शापित राजे, त्या सगळ्यांपुढे थरथरत उभं राहायचं काम या एकट्या कुत्र्याच्या वाट्याला येतं.

‘करेज द कावर्डली डॉग’ ही मालिका १२ नोव्हेंबर १९९९ रोजी कार्टून नेटवर्कवर सुरू झाली आणि २२ नोव्हेंबर २००२ रोजी संपली. चार सीझन, बावन्न भाग, बहुतेक भागांत दोन-दोन गोष्टी. आपल्याकडेही ती त्याच वाहिनीवरून आली आणि शाळेतून आल्यावर दप्तर टाकून टीव्हीसमोर बसणाऱ्या एका अख्ख्या पिढीच्या मनात घर करून राहिली. मी त्या पिढीतली. मिरजेत वाढले, आता साताऱ्याजवळच्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवते. बी.ए.च्या मुलांना उपनिषदं शिकवताना भयाचा विषय आला की माझ्या डोळ्यांसमोर अजूनही ते कुत्रं येतं. वर्गात मी हे बोलत नाही. तासाला वेळ पुरत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात सृष्टीच्या आरंभीचा एक विलक्षण प्रसंग आहे. आत्मा एकटाच होता. त्याने आजूबाजूला पाहिलं, तर स्वतःखेरीज कुणीच नाही. आणि तो घाबरला. एकटा माणूस घाबरतो तो म्हणूनच, असं उपनिषद सांगतं. मग त्याने विचार केला की माझ्याशिवाय इथे कुणीच नाही, तर मी भितो कुणाला? तेव्हा भय गेलं, कारण भय उपजतं ते दुसऱ्यापासून. पण पुढच्याच ओळीत सांगितलं आहे की त्याला करमेना, आणि त्याला दुसरं कुणीतरी हवं झालं.

या तीन पावलांत किती काही आहे! एकटेपणाची भीती, ती घालवणारा विचार, आणि भीती गेल्यावरही न जाणारी सोबतीची ओढ. वेदान्ताच्या पाठ्यपुस्तकांत मधल्या पावलावर मुक्काम होतो. दुसरा नाही हे कळलं की अभय. मला कायम तिसऱ्या पावलाने अडवलं आहे. ज्याच्यामुळे भय उपजतं तोच दुसरा त्या आत्म्याला हवा होता. मग भय गेलं पाहिजे, हे म्हणताना आपण नेमकं काय घालवायला निघालो आहोत?

या मालिकेचा जनक जॉन आर. डिलवर्थ हा १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेला चित्रकार-दिग्दर्शक. न्यूयॉर्कच्याच स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समधून तो १९८५ मध्ये बाहेर पडला, जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक म्हणून राहिला आणि १९९१ मध्ये त्याने स्ट्रेच फिल्म्स हा स्वतःचा स्टुडिओ काढला. मालिकेचे चाहते त्याच्याबद्दल बोलताना ‘विक्षिप्त’ हे विशेषण हमखास वापरतात, आणि त्याचं काम पाहिलं की ते पटतं. १९९४ साली त्याने केलेल्या ‘द डर्डी बर्डी’ या लघुपटात एक पक्षी एका मांजरीच्या प्रेमात पडतो आणि ते प्रेम व्यक्त करण्यासाठी तिला पुन्हा पुन्हा आपला पार्श्वभाग दाखवत राहतो. करेजचा जन्म ‘द चिकन फ्रॉम आउटर स्पेस’ या त्याच्या लघुपटात झाला. तो १९९६च्या ऑस्करसाठी नामांकित झाला होता. पुरस्कार मिळाला तो वॉलेस आणि ग्रोमिटच्या ‘अ क्लोज शेव्ह’ला.

पण विक्षिप्त म्हणून सोडून द्यावा असा हा माणूस नाही. त्याच्या चित्रांत एक पक्की शिस्त आहे आणि ती मला मोठेपणी दिसली. नोव्हेअरचं घर आणि त्यातली माणसं हाताने काढलेली, सपाट, मऊ रंगांची. बाहेरून येणारं संकट मात्र पुष्कळदा वेगळ्याच जातीचं असतं. चोरीची शिळा परत मागायला येणारा राजा रामसेस संगणकावर घडवलेला, हाडकुळा, वाऱ्यावर हलणारा. शेवटच्या भागात करेजच्या स्वप्नात येऊन तू परिपूर्ण नाहीस असं सांगणारी निळी आकृतीही तशीच. हातच्या चित्रांच्या जगात ती बसतच नाही. कुठे खऱ्या छायाचित्राचा तुकडा, कुठे वेगळ्याच पोताचं आभाळ. जोडीला जोडी ग्रे आणि अँडी एझ्रिन यांचं संगीत, जे मध्येच थांबून शांततेलाच दचकवायला लावतं. लहानपणी आम्हाला इतकंच कळायचं की आता जे आलं आहे ते इथलं नाही. उपनिषद ज्याला दुसरा म्हणतं तो या माणसाने अक्षरशः दुसऱ्या द्रव्याचा बनवून पडद्यावर आणला. इतकं तत्त्वनिष्ठ काम मी मुलांसाठीच्या मनोरंजनात क्वचित पाहिलं आहे.

भाऊबीजेला आम्ही मावस-चुलत भावंडं जमलो की जेवणं उरकल्यावर हा विषय निघतोच. कुणाला रामसेस आठवतो. कुणाला फ्रेड, म्युरिएलचा तो कायम हसणारा, न्हाव्याचं काम करणारा भाचा, जो यमकांत बोलत बोलत न्हाणीघरात कोंडलेल्या करेजचे केस भादरत राहतो. माझ्या मनात रुतलेली गोष्ट फुसिलीची. फिरता रंगमंच घेऊन येणारा हा मगर बॅग दांपत्याला नट व्हायची भुरळ घालतो आणि त्यांच्या कठपुतळ्या करतो. करेज त्याला हरवतो खरा, पण त्या गोष्टीपुरते म्युरिएल आणि युस्टेस परत माणसं होत नाहीत. करेज त्यांना घरी आणतो आणि दोऱ्या हातात घेऊन त्यांना रोजच्यासारखं हलवत राहतो, जणू काही झालंच नाही. मी आठवी-नववीत असेन. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि भीती त्या मगराची नव्हती.

माझा मावसभाऊ पशुवैद्य आहे, इस्लामपूरला दवाखाना चालवतो. त्याचं मत ठाम आहे आणि ते एकट्याचं नाही, जगभरच्या चाहत्यांत हा तर्क फिरत असतो. तो म्हणतो, “ताई, राक्षस कुठे आहेतच? ते साधं कुत्रं आहे. म्हातारा-म्हातारी त्याला फिरायला नेत नाहीत. म्हणून घराच्या पलीकडे काहीच नाही असं त्याला वाटतं. दारात येणारी माणसं साधीच असतात, सेल्समन, भाचा, पाहुणे. कुत्र्याला ती राक्षस दिसतात.” मग तो दिवाळीतल्या फोनांचं सांगतो. फटाके सुरू झाले की पलंगाखाली शिरलेली, लाळ गाळणारी, दोन दिवस अन्नाला न शिवलेली कुत्री. “तिच्या लेखी बाहेर युद्धच चालू असतं,” तो म्हणतो.

हा तर्क ऐकताना मला तो नवा वाटत नाही. गौडपादांच्या कारिकांपासून वेदान्तात हेच तर आहे. अंधारात दोरी पडलेली असते, तिच्यावर साप दिसतो, माणूस थरथरतो. दिवा आणला की साप नाहीसा होतो आणि भीतीही. चाहत्यांनी आपल्या परीने दिवा आणला आहे. रामसेस नाही, फुसिली नाही, आहे ते फक्त एक भेदरलेलं कुत्रं.

मला हा दिवा मान्य आहे, पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. समजा अंधारात दोरी आहे, तिच्यामागे एक म्हातारी झोपलेली आहे, आणि साप पाहून गारठलेलं कुत्रं पळून जायचं सोडून दोघांच्या मध्ये येऊन उभं राहतं. दिवा आल्यावर साप खोटा ठरेल. ते उभं राहणं खोटं ठरेल का? ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनीच एक दाखला दिला आहे: विष पोटात गेल्याच्या नुसत्या शंकेनेही माणूस मरू शकतो, म्हणजे मिथ्या गोष्टीतूनही खरं फळ निघतं. आचार्य तिथे वेगळा मुद्दा सिद्ध करत होते, शास्त्राच्या प्रामाण्याचा. पण ज्या अर्थी खोट्या विषाने खरा मृत्यू येतो, त्या अर्थी खोट्या सापापुढे खरी निष्ठाही असू शकते, असं मी त्यातून घेते. मावसभाऊ यावर म्हणतो की तू वकिली करते आहेस. करते आहे.

कारण मला ही भीती माहीत आहे. मिरजेच्या घरात आई-बाबा दोघंही नोकरीला, आणि संध्याकाळपर्यंत घरात मी आणि आजी. आजीला दमा होता. थंडीत तो उसळायचा. रात्री ती उशा रचून अर्धवट बसूनच झोपायची आणि मी तिच्या शेजारी. तिचा श्वास घरघरत चालू असला की मला झोप लागायची. आवाज थांबला की मी जागी व्हायची. मग अंधारात हात पुढे करून तिच्या नाकाशी बोटं धरायची, गरम वारा लागेपर्यंत. हे कुणाला सांगितलं नव्हतं. मोठ्यांनी समजूत घातली असती की काही होत नाही गं, आणि ते खरंही होतं. दोरीच होती ती बहुतेक रात्री. पण ती समजूत मला नको होती. भीती गेली असती तर मी झोपले असते, आणि मला झोपायचं नव्हतं.

आजी माझ्याबरोबर ही मालिका पाहायची. तिला भाषा कळायची नाही, गोष्ट कळायची. युस्टेसला ती ‘मेला’ म्हणायची. एकदा करेज किंचाळत घरभर धावताना पाहून ती म्हणाली, “घाबरतंय, पण सोडून जात न्हाई बघ.” मी पुढे एम.ए.ला शौर्यावर जे काही वाचलं त्यात या वाक्याइतकं नेमकं फार थोडं सापडलं.

प्लेटोचा ‘लाकेस’ हा संवाद शौर्य म्हणजे काय या एकाच प्रश्नावर आहे. त्यात सॉक्रेटिस दोन अथेनी सेनापतींशी बोलतो, लाकेस आणि निकियास. निकियासच्या मते शौर्य हे एक ज्ञान आहे, कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये याचं. सॉक्रेटिस विचारतो, मग जनावरांचं काय? थीसियसने मारलेल्या क्रोम्योनच्या डुकरिणीलाही शूर म्हणायचं नाही का? निकियास ठाम राहतो: जनावरं आणि लहान मुलं अजाणपणामुळे निर्भय असतात, त्यांना मी शूर म्हणणार नाही. संवाद व्याख्येविनाच संपतो. हा उतारा शिकवताना मला निकियासशी भांडावंसं वाटतं. जनावरं आणि मुलं निर्भय असतात हे त्याला कुणी सांगितलं? मुलाला अंधारात काय काय दिसतं हे मोठं झाल्यावर आपण विसरतो, आणि कुत्र्याचं तर आपण कधी विचारतच नाही. डिलवर्थने नेमक्या या दोन बिनहिशेबी जिवांना एकत्र आणलं. पडद्यावर कुत्रं, पडद्यासमोर मूल, आणि दोघांनाही सगळ्याचं भय.

मालिकेत आणखी एक गोष्ट आहे जी नुसत्या भीतीच्या आठवणीत हरवते. करेजला बळ नाही. तो मारून क्वचितच जिंकतो. पुष्कळ गोष्टींत आलेल्या संकटाचं काहीतरी दुखत असतं आणि ते त्याला समजून घ्यावं लागतं. पांढरा मुखवटा घालून आलेली मांजरी कुत्र्यांचा राग राग करते, करेजला बडवते. कारण तिची जिवलग मैत्रीण, एक ससुली, एका गुंड कुत्र्याच्या तावडीत असते. करेज त्या ससुलीला सोडवून आणतो. ‘द टॉवर ऑफ डॉ. झालोस्ट’मध्ये तो डॉक्टर तोफेचे गोळे झाडून जगाला दुःखी करतो, आणि करेज म्युरिएलच्या पद्धतीने आलुबुखारांचा एक गोड पदार्थ करून त्यालाच खाऊ घालतो. (त्या गोळ्याचा युस्टेसवर काही परिणाम होत नाही, कारण तो आधीच दुःखी असतो. लहानपणी यावर आम्ही खूप हसायचो. आता हसू येत नाही. त्याच्या आईने त्याला कसं वागवलं हेही मालिकेत दाखवलं आहे.) भय दुसऱ्यापासून उपजतं हे खरं, पण ते घालवायला दुसऱ्याला पुसून टाकावंच लागतं असं नाही, त्याचं ऐकून घेतलं तरी तो थोडा कमी परका होतो. आपल्या भक्तिपरंपरेने ही वाट फार पूर्वी ओळखली होती. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट सांगताना कीर्तनकार कुत्र्यात विठ्ठल दिसला म्हणतात. पण कुत्रं राहिलं तेवढं कुत्रंच, आणि भाकरीही त्याला तूप लावूनच द्यायची होती.

माझी वसतिगृहातली एक मैत्रीण म्हणते की हे सगळं ठीक, पण एवढ्या लहान मुलांना इतकं भेसूर दाखवायचंच कशाला. तिने आपल्या मुलाला ही मालिका दाखवलेली नाही. तिचा मुलगा, तिचा निर्णय. मला इतकंच वाटतं की आपलं माणूस एक दिवस जाऊ शकतं हे मुलांना कुणी न सांगता कळतं, आणि ते कळल्यावर मूल एकटं पडतं. करेजने मला त्या एकटेपणात सोबत केली.

आता महाभारताकडे येते, कारण मावसभावाशी माझा खरा वाद तिथे अडला आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिरामागे कुत्रं येतं आणि इंद्र त्याला सोडून रथात बस म्हणतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. युधिष्ठिर नकार देताना ज्यांना सोडणार नाही त्यांची नावं घेतो: भ्यालेला, भक्त, आर्त, दुसरा आसरा नसलेला. ही यादी वाचली की म्युरिएलने उचलून आणलेलं ते पिल्लू आठवतं. पण मला त्याहून पुढचा, स्वर्गारोहण पर्वातला प्रसंग महत्त्वाचा वाटतो. भाऊ कुठे आहेत म्हणून विचारणाऱ्या युधिष्ठिराला देवदूत नरकाच्या वाटेने नेतो. अंधार, दुर्गंधी, प्रेतं. त्याला घेरी येऊ लागते आणि तो परत फिरतो. हो, धर्मराज परत फिरतो. तेवढ्यात अंधारातून आवाज येतात की थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला जरा बरं वाटतं आहे. तो विचारतो, तुम्ही कोण? उत्तरं येतात: मी कर्ण, मी भीम, मी अर्जुन, मी द्रौपदी. आणि तो थांबतो. देवदूताला सांगतो, जा, मी इथेच राहणार. त्यानंतर देव येतात आणि कळतं की तो नरक इंद्राने दाखवलेली माया होती.

दिवा आला, दोरी दिसली. पण व्यासांनी ते थांबणं मायेत काढलेलं नाही. साऱ्या देखाव्यात खरं होतं ते तेवढंच, आणि ते निर्भय माणसाचं नव्हतं. परत फिरलेल्या, घेरी आलेल्या माणसाचं होतं. अभय त्याच्यापाशी नव्हतंच. तरी ते त्याच्याकडून इतरांना मिळालं, नुसत्या वाऱ्याने. म्युरिएल खुर्चीत झुलत असते, तिला काही पत्ता नसतो, आणि ती सुखरूप असते ती अशाच एका थरथरणाऱ्या जिवामुळे.

मावसभाऊ म्हणतो की युधिष्ठिराचं ठीक, त्याने विचार करून ठरवलं. कुत्र्याचा तो स्वभावच. कळपातल्याला सोडायचं नाही एवढंच त्याला कळतं. मी त्याला युस्टेस दाखवते. ‘बॉल ऑफ रिव्हेंज’ या गोष्टीत युस्टेस मालिकेतल्या काही जुन्या खलनायकांना घरी बोलावून करेजचा काटा काढायला बघतो. कळपाचा नियम असता तर करेजने त्याला कधीच सोडून दिलं असतं. युधिष्ठिराला तर स्वर्गात पाऊल ठेवताच सिंहासनावर बसलेला दुर्योधन दिसला आणि ते त्याला सहन झालं नाही. याच्यासोबत मला स्वर्गही नको म्हणून तो मागे वळला, आणि म्हणूनच त्या अंधाऱ्या वाटेला लागला. करेजच्या घरात तो दुर्योधन रोज समोर जेवायला बसतो, त्याला मूर्ख म्हणतो, जेवण झालं की हिरवा मुखवटा चढवतो. करेज दरवेळी तितकाच दचकतो. त्याचा राग मात्र साठत जात नाही, आणि पुढचं संकट आलं की म्युरिएलबरोबर तो युस्टेसलाही ओढून बाहेर काढू बघतो.